कुंदाच्या वाट्याची मूठ

गोंदिया
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय मोठीआई,

सलाम. फोनवर तुला काही ऐकू येत नाही आणि मी काहीही विचारलं तरी तू "हो हो, जेवले" म्हणतेस, म्हणून आता पत्र लिहायचं ठरवलं. दवनीवाड्याच्या मुन्नाच्या ऑटोत हे देते आहे. पत्र तुझ्याच हातात देईन, असं त्याने कबूल केलंय.

नोकरीला तीन महिने झाले. खोली बरी आहे. शेजारी राइस मिल, त्यामुळे रोज सकाळी खिडकीच्या गजांवर कोंड्याचा थर बसतो. तू दिलेला बिस्किटाचा जुना डबा चुलीच्या बाजूलाच ठेवलाय. भात टाकताना न चुकता एक मूठ त्यात टाकते. परवा पाहिलं तर डबा काठोकाठ भरलेला. आता ही मूठ कोणाला द्यायची ते तूच सांग. गावात तू आणि मोठे बाबा ठरवायचात, मी फक्त पोचवायची.

आता खरी गोष्ट. आमच्या दवाखान्यात दामिनी नावाची सिस्टर आहे, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. गेल्या आठवड्यात एका आजीबाईंची सलाईन वेळेवर बदलली गेली नाही. ड्युटी तिची होती. आजींना काही झालं नाही, देवाची कृपा. पण मेट्रनबाईंनी विचारलं तेव्हा दामिनीने सरळ माझं नाव सांगितलं. मी तोंड उघडेपर्यंत माझ्या दोन रविवारच्या सुट्ट्या गेल्या. म्हणजे दोन रविवार उपासना नाही. मोठीआई, मी खूप रडले. ती समोर आली की मी भिंतीकडे पाहते. मला तिच्याशी जन्मात बोलायचं नाही.

मोठ्या बाबांच्या चिन्नोर धानाच्या भाताची फार आठवण येते. ते बी चार वर्षांपूर्वी उगवलंच नाही म्हणालीस, तेव्हापासून तसा वास नाकाला लागला नाही.

तुझी,
भिंतीकडे पाहणारी रीता


दवनीवाडा
२२ ऑगस्ट

लाडक्या रीतास,

मोठीआईचा सलाम आणि एक धपाटा. धपाटा कशासाठी ते पुढे कळेल.

पत्र मिळालं. मुन्नाने इतक्या अदबीने दिलं की मला वाटलं कोर्टाचा कागद आला. चष्मा लावून दोनदा वाचलं. तू रडलीस ते वाचून तुझं लहानपण आठवलं. तुझी आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. त्यानंतर तुझं रडणं मीच पुसलंय, आता ते पुसायला माझा हात पोचत नाही.

पण पोरी, डबा कोणाला द्यायचा हे मला विचारतेस? मोठ्या बाबांचा नियम विसरलीस? डबा भरला की तू विचारायचीस, "बाबा, कोणाला?" आणि ते म्हणायचे, "ज्याचं नाव घ्यायला आपली जीभ वळत नाही, त्याला आधी. गरीब-गरजू मग आहेतच." तू हसायचीस, पण तो माणूस खरंच तसं वागायचा. बांधाच्या भांडणात ज्याने काठी उगारली, त्याच्याही दारात तांदूळ ठेवून आला होता.

आपण रविवारी चर्चमध्ये, मंडळीत बसून प्रेमाची गाणी म्हणतो, टाळ्या वाजवतो. प्रेम गाणं सोपं आहे गं. प्रेमाचं ओझं उचलून चार पावलं चालणं, तेवढंच अवघड. तू तांदूळ घे आणि दामिनीला दे. भाषण करू नकोस. क्षमा केली वगैरे सांगत बसू नकोस, समोरच्याला ते टोचतं. नुसते दे.

धानाची रोवणी संपली. चोरखमाऱ्याच्या बाजूला तलाव भरलाय म्हणतात, आपल्याकडेही धानाच्या बांध्यांत पाणी आहे. शेतात यंदाही बाजारचंच बी. चिन्नोरचं काय काढलंस मध्येच. गेलं ते गेलं.

तुझ्या नावाने रोज गुडघे टेकते. गुडघे दुखतात, तरी टेकते.

मोठीआई


गोंदिया
८ सप्टेंबर

प्रिय मोठीआई,

तुझ्या नादी लागून माझी शोभा झाली असती, थोडक्यात वाचले.

तांदूळ पिशवीत भरून दामिनीच्या टेबलावर ठेवले. ती म्हणाली, "ये क्या है? मेरेको भीक देके राहिली काय?" सगळ्या सिस्टर पाहत होत्या. कान गरम झाले माझे. तुझं ऐकून भाषण केलं नाही. एवढंच म्हणाले, "घरची रीत आहे, घेऊन टाका." आणि औषधांच्या ट्रॉलीमागे जाऊन उभी राहिले.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन माझ्यासमोर बसली. त्याच तांदळाचा भात आणि बरबटीची भाजी. म्हणाली, "खाऊन पाय. एकटीनं कायले खाऊ?" आम्ही खाल्लं. भाजीत मीठ जास्त होतं, तेही मी सांगितलं नाही. क्षमाबिमा तिने मागितली नाही. पण जाताना म्हणाली, तिच्या वडिलांना अर्धांगवायू झालाय, त्या दिवशी सकाळी गावाहून फोन आला होता आणि तिचं कशातच लक्ष नव्हतं. नोकरी गेली तर घर चालायचं नाही, या भीतीने तोंडातून माझं नाव निघून गेलं.

मोठीआई, माझ्या दोन रविवारांचं दुःख तिथेच कुठेतरी सांडलं. आता सापडत नाही. तू नसतीस तर मी अजून भिंतीकडेच पाहत असते. देवाने मला तुझ्या घरात वाढवलं, याबद्दल काल रात्रीच्या प्रार्थनेत मी फक्त आभारच मानले, मागितलं काहीच नाही.

तुझी,
आता माणसांकडे पाहणारी रीता


दवनीवाडा
१२ सप्टेंबर

लाडक्या रीतास,

शाबास! पत्र वाचून इतका आनंद झाला की शेजारच्या शेळीलाही वाचून दाखवावंसं वाटलं. रविवारी पाळकसाहेबांना दाखवलं. ते म्हणाले, तुमची पोर आमच्या प्रवचनापेक्षा पुढे गेली. मी जरा फुगले, खोटं कशाला बोलू.

दामिनीच्या वडिलांसाठी प्रार्थना करते. तिला एकटी जेवू देऊ नकोस. मनात अढी धरली की माणूस आपलंच जेवण कडू करून घेतो. हे म्हातारीचे अनुभवाचे बोल समज.

मोठीआई


गोंदिया
२९ सप्टेंबर

प्रिय मोठीआई,

हे पत्र लिहू की नको, असं आठवडाभर चाललं होतं. लिहिते.

काल जेवताना दामिनीने सहज विचारलं, तुझं गाव कोणतं. मी म्हणाले दवनीवाडा, आमच्या मोठीआई गावात सिस्टरबाई होत्या, आता रिटायर आहेत. तिच्या हातातला घास हातातच राहिला. म्हणाली, "शकुंतलाबाई? माही आत्या तुमच्याच शेजारी रायते. कुंदाबाई."

आपल्या कुंदाकाकू! दामिनी त्यांची भाची निघाली. मला इतका आनंद झाला. लहानपणी तुझी ड्युटी असली की मी त्यांच्याच चुलीपाशी जेवायचे. पण दामिनीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "तुही मोठीआई चार साल झाले आत्याशी बोलत नाही. आत्या दिसली का तोंड फिरवते. आत्या लय रडते वो."

मोठीआई, मी नागपूरला शिकत असताना सुट्टीत घरी आले की विचारायचे, कुंदाकाकू कुठे. तू म्हणायचीस, शेतावर असतील, लेकीकडे गेल्या असतील. मी मान डोलवायचे.

काय झालं ते मला माहीत नाही. चूक कोणाची, तेही नाही. एकच विचारते, आणि रागावू नकोस. माझ्या डब्याची मूठ तू दामिनीच्या टेबलावर पोचवलीस. तुझ्या डब्याची मूठ चार वर्षं कुठे जाते?

रीता


दवनीवाडा
३ ऑक्टोबर

रीतास,

पत्र मिळालं. निंदणाचं काम आहे. लिहायला वेळ नाही.

शकुंतला


गोंदिया
२७ ऑक्टोबर

प्रिय मोठीआई,

तीन आठवडे झाले. मुन्नाला रोज विचारते, तो रोज रिकामा हात दाखवतो. तुझ्या पत्राखाली "मोठीआई"ऐवजी "शकुंतला" वाचलं आणि मला हुंदका आला. मी लहान तोंडी मोठा घास घेतला. पोरीने आईला असं विचारू नये. मला माफ कर. तू आजारी तर नाहीस ना? मुन्ना म्हणतो, सिस्टरबाई अंगणात बसून असतात, हाक मारली तरी पाहत नाहीत. त्याला कोण सांगेल की तुला हाक ऐकूच येत नाही.

मी तो प्रश्न परत घेते. एक ओळ लिही.

तुझीच,
रीता


दवनीवाडा
४ नोव्हेंबर

लाडक्या रीतास,

प्रश्न परत घेऊ नकोस. चांगला लागला होता, तसाच राहू दे.

पहिले पंधरा दिवस मी तुझ्यावर चिडले होते. मनात म्हटलं, हिला न्हाऊमाखू घातलं आणि ही मलाच शिकवायला निघाली. मग राग ओसरला आणि लाज उरली. लाज घेऊन पत्र लिहिता येत नाही, म्हणून उशीर झाला.

माझी मूठ चार वर्षं पाळकसाहेबांच्या कोठीत जायची. तिथून गरिबांना मिळायची, म्हणजे वाया गेली नाही. पण ज्या दारात जायला हवी होती, ते दार माझ्या दारापासून दहा पावलांवर होतं.

झालं होतं असं. चिन्नोरचं बी उगवलं नाही, हे मी तुला खोटं सांगितलं. छान उगवलं होतं. आमचे आणि कुंदाचे परहे, म्हणजे रोवणीसाठी टाकलेली धानाची रोपं, दरवर्षी एकाच बांधीत असायचे. मध्ये पळसाची एक काडी रोवलेली. काडीच्या अलीकडे आपलं चिन्नोर, पलीकडे तिचं जाडं धान. रोपं असताना दोन्ही सारखीच दिसतात. त्या वर्षी तिने रोवणीला परगावच्या बारा बाया आणल्या. काडी पावसात पडली होती. बायांनी अंदाजाने अर्धी बांधी उपटली, ती नेमकी आपली अर्धी. मी त्या दिवशी पेन्शनच्या कामाला गोंदियाला आले होते. परत येईपर्यंत मोठ्या बाबांचं तीस वर्षं जपलेलं बी कुंदाच्या शेतात रोवून झालं होतं. एकदा रोवलं की ते काही परत निघत नाही. वर्ष झालं नव्हतं त्यांना जाऊन, रीता. मला वाटलं, दुसऱ्यांदा नेलं कोणी त्यांना.

इथपर्यंत चूक बायांची. पुढची माझी. कुंदा धावत आली, म्हणाली, माझे परहे तू घे, पिकलं की तुझं धान तुला देते. मी त्या बारा बायांपुढे तिला चोरटी म्हणाले. मोठ्या बाबांचं नाव घेऊन, "देवानंदच्या मरणाची वाट पाहत होतीस," असंही म्हणाले. त्या हिवाळ्यात ती पोती घेऊन दारात आली, तर मी दार लावून घेतलं. आणि तेव्हापासून रोज प्रार्थना काय, तर प्रभू, कुंदाला सद्बुद्धी दे!

परवा दिवाळी झाली. काल उपासनेहून आले, डबा घेतला. रेशनचे तांदूळ होते, तेवढेच होते. पदराखाली धरून दहा पावलं गेले. चार वेळा परत फिरले, म्हणजे पावलं काही दहा राहिली नाहीत.

कुंदा सूप घेऊन ओसरीत बसली होती. मला पाहून उठली नाही. मी डबा पुढे ठेवला आणि म्हणाले, कुंदा, मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. तू चोर नव्हतीस. मला क्षमा कर. तिने तांदळात हात घातला, कितीतरी वेळ काढलाच नाही. माझ्या कानाचं तिला ठाऊक आहे, म्हणून मोठ्याने म्हणाली, "बस वो बाई. चार साल लागले तुले इतलं चालाले?"

मग मला हाताला धरून आत नेलं. कोपऱ्यात धान साठवायची एक छोटी ढोली, शेणाने सारवलेली. झाकण काढलं आणि रीता, मला नाकानेच कळलं. चिन्नोर! म्हणाली, "देवानंदभाऊचं बी होय. मी कायले खाऊ? पहिल्या सालचं तू घेतलं नाही तं देवळाच्या भंडाऱ्यात शिजवून वाढलं, आमच्या घरी एक शीत नाही नेलं. बी तेवढं ठेवलं. दरसाल त्या कोपऱ्याच्या बांधीत लावून रायली, जाडं धान दिसलं का उपटून फेकते. तू मांगाले येशील म्हणून."

ज्या बुद्धीसाठी मी चार वर्षं प्रार्थना करत होते, ती कुंदाकडे पहिल्या दिवसापासून होती. मीच तिच्याकडे तोंड करून पाहिलं नाही. मी तिच्या ओसरीवर बसून लहान मुलीसारखी रडले. तिने चहा केला, साखर जास्त घातली.

पण एक गोष्ट राहिली आहे. ती म्हणाली, "त्या बाया भेटते बाजारात, तं अजून माही मान खाली जाते." मी काल एकटीपुढे क्षमा मागितली. चोरटी मात्र बारा जणींपुढे म्हणाले होते. त्याच बाया या महिन्यात तिच्या कापणीला येतायत. मला तिथे जावं लागेल. प्रार्थना कर, जीभ ऐन वेळी आत ओढली जाऊ नये.

आणि पहिल्या डिसेंबरला मंडळीत उपकारस्तुतीचा रविवार आहे, हंगामाचं पहिलं धान वाहायचं. तू नक्की ये.

तुझी मोठीआई
(शकुंतला गेल्या आठवड्यातच संपली.)


गोंदिया
१० नोव्हेंबर

प्रिय मोठीआई,

तुझं पत्र दामिनीला वाचून दाखवलं. तुझी परवानगी घेतली नाही, त्याचा धपाटा राखून ठेव. आम्ही दोघी औषधांच्या खोलीत बसून रडलो, आणि मेट्रनबाईंना वाटलं कोणी पेशंट गेला.

मी तुला विचारलं तेव्हा मला वाटलं होतं, मी तुझ्यातली खोट दाखवते आहे. आता वाटतं, मी तुला आणखी जास्त मानायला लागले. चूक कबूल करायला सत्तरीत दहा पावलं चालणारी मोठीआई मला जास्त आवडली.

एक वाईट बातमी. उपकारस्तुतीला मी येऊ शकणार नाही. त्या शनिवार-रविवारी दामिनीची ड्युटी आहे आणि तिला वडिलांना भेटून आत्याकडे कापणीला जायचंय. मी तिची ड्युटी घेतली. तिने अजून मेट्रनबाईंना खरं सांगितलेलं नाही, आणि मी विचारणंही सोडलंय. वर्षातला माझा सगळ्यात आवडता रविवार आहे हा, म्हणून थोडं जड गेलं. पण तूच म्हणालीस ना, ओझं उचलून चार पावलं.

मला सगळं लिही. वाससुद्धा लिही.

तुझी,
रीता


दवनीवाडा
२ डिसेंबर

लाडक्या रीतास,

सलाम, आणि राखून ठेवलेला धपाटा माफ.

आधी कापणीचं. चिन्नोर उशिरा पिकतं, त्यामुळे ती बांधी सगळ्यात शेवटी शनिवारी कापली. बारापैकी नऊ बाया आल्या होत्या. एक वारली, दोघींचे गुडघे गेले. मी बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभी राहिले. जीभ आत ओढली गेलीच. मग दामिनी आली आणि माझ्या बाजूला उभी राहिली. मी म्हणाले, "बायांनो, चार वर्षांपूर्वी याच शेतात मी कुंदाला चोरटी म्हणाले. ते खोटं होतं. तिने माझ्या नवऱ्याचं बी चोरलं नाही, वाचवलं." विळे थांबले. त्यातली एक म्हातारी म्हणाली, "आमाले तवाच ठावं होतं वो बाई. काडी आमालेच दिसली नव्हती." सगळ्या हसल्या आणि पुन्हा कापायला लागल्या. मीही विळा घेतला. कुंदा मान वर करून कापत होती. मी तेवढंच पाहत राहिले आणि बोट कापून घेतलं. घाबरू नकोस, पट्टी दामिनीने बांधली. बांधता बांधता म्हणाली, सोमवारी मेट्रनबाईंकडे जाते. मी म्हटलं, तुझं तू ठरव.

आता रविवारचं. मुन्नाच्या ऑटोत चिन्नोरची पेंढी मांडीवर घेऊन मी आणि कुंदा मंडळीत गेलो. ती म्हणाली, मी आपली बाहेर बसते. मी म्हटलं, बाहेर बसलीस तर मीही बाहेर. मग आली, माझ्या बाजूला बसली, हात जोडून. पेढ्याचं पुडकंही आणलं होतं तिने, देवाच्या दारी रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून. पाळकसाहेबांनी ते भोपळ्यांच्या आणि पेरूंच्या मधोमध ठेवलं. चिन्नोरच्या वासाने लोक माना वळवून पाहायला लागले. मोठ्या बाबांच्या जुन्या जागेपाशी तो वास आला आणि मला वाटलं, आता ते खाकरतील. नंतर प्रीतिभोजनात कुंदानेच भात शिजवला. तुझी जागा मी रिकामी ठेवली होती, कोणाला बसू दिलं नाही.

या पत्राबरोबर ढोलीतल्या चिन्नोरच्या तांदळाच्या दोन पिशव्या आहेत. एक तुझी, एक दामिनीची. भात टाकताना मूठ काढा. कोणाला द्यायची ते मला विचारू नका, मला हे फार उशिरा जमलंय.

एक सांगायचं राहिलं. पाळकसाहेबांनी पेंढी हातात घेऊन दरवर्षीसारखं विचारलं, "हे धान कोणाचं?" मी उठून "कुंदाचं" म्हणणार, तेवढ्यात कुंदाच बोलली.

"दोघींचं होय जी."

मला हल्ली कोणाचं काही ऐकू येत नाही, रीता. ते मात्र मला नीट ऐकू आलं.

तुझी मोठीआई